घुंगरांसाठी तीन ॲम्प्लिफायर

सुभाषनं मला फसवलं. शाहूपुरीतल्या आपल्या दुकानातून, एकाच गळीत हंगामात, एकामागून एक तीन ॲम्प्लिफायर त्यानं माझ्या गळ्यात मारले, आणि माझ्या घरच्या माणसानं त्याला साथ दिली. हे आधीच सांगून टाकतो. पुढं उसाचा वास येईल, जुन्या लावण्या येतील, आणि वाचणाऱ्याला वाटेल की माणूस साठीनंतर हळवा झाला. तसं काही झालेलं नाही. मला राग आलेला आहे, आणि चार वर्षं तो जागचा हललेला नाही.

परवा आमच्या कसबा बावड्यात कारखान्याचं धुराडं पेटलं. सकाळी गच्चीवर गेलो तर टाकीच्या झाकणावर, तुळशीच्या पानांवर, वाळत घातलेल्या बनियनवर काळ्या राखेचे बारीक तुकडे. उचलायला जावं तर बोटाला नुसता डाग राहतो. हवेत मळीचा वास. बाहेरून आलेल्या माणसाला तो नकोसा होतो. आम्हाला त्याच्याशिवाय थंडी पडल्यासारखी वाटत नाही. खाली रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली. मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस असा रचलेला की वळणावर शेंडे आमच्या कुंपणावर झाडू मारून जातात. प्रत्येक ट्रॅक्टरवर भलेमोठे स्पीकर बांधलेले. त्यांची धडधड रस्त्यातून भिंतीत, भिंतीतून माझ्या खुर्चीच्या पायांत येते. ती मला पुरेपूर पोचते. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

हंगाम सुरू झाला की माझं डोकं फिरतं, हे घरात ठाऊक आहे. शालन, माझी बायको, चहाचा कप शेजारी ठेवते आणि काही न बोलता आत जाते. पूर्वी थांबायची. कारखान्यात किती गाड्या खोळंबल्या, कुणाच्या उसाला तोड आली, असलं काहीबाही बोलायची. आता चहा, आणि पाठ.

मी सतराव्या वर्षी उद्यमनगरात एका फाउंड्रीत ग्राइंडरवर लागलो. साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडा घासून साफ करायच्या, एवढंच काम. दिवसभर ठिणग्या आणि काळी धूळ. दुपारी अर्धा तास मशीन बंद व्हायची, आणि त्या अर्ध्या तासाची शांतता मला अजून आठवते. उन्हात तापलेला पत्रा कडकड वाजायचा तेसुद्धा ऐकू यायचं. समोरच्या खोलीत सुभाष रेडिओ दुरुस्त करायला बसायचा. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच उपाशी. भाकरी आणि खर्डा घेऊन मी त्याच्याकडं जायचो. दुरुस्त झालेला रेडिओ तपासायचं निमित्त करून तो लावणी लागलेलं स्टेशन धरायचा. एका लावणीत मध्येच ढोलकी थांबायची आणि बाई नुसता पाय हलवायची. नुसती घुंगरं. सुभाष डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "दत्ता, ऐक. डाव्या पायातलं एक घुंगरू फुटकं हाय."

होतं. मलाही ऐकू यायचं. शे-दीडशे घुंगरांत एक फुटकं, किंचित घोगरं. आम्ही दोघं त्या एका घुंगरासाठी ती लावणी पुन्हा लागायची वाट बघत बसायचो.

तेव्हापासून मी माझ्या कानावर जगलो. हे मी अभिमानानं सांगत आलो आहे, सगळ्या उद्यमनगराला ठाऊक आहे. पुढं स्वतःचं वर्कशॉप काढलं ते भांडवलावर नाही, कानावर. गिऱ्हाईक समोर बसलं की ते माझ्याशी काय बोलतं याकडं मी लक्ष देत नसे. ते आपल्या माणसाकडं झुकून काय पुटपुटतं, ते मी ऐकायचो. "ह्याच्या खाली न्हाई येणार," असं कुजबुजलं की मी जागचा हलत नसे. "उशीर झाला तर आपलंच नुकसान हाय," असं ऐकलं की मी अजून थोडा वर सरकायचो. टेबलाच्या पलीकडची कुजबूज हाच माझा सगळा हिशेब होता. शिक्षण नव्हतं, वशिला नव्हता, आवाज मोठा होता आणि कान तिखट होते. एवढ्यावर मी बावड्यात दुमजली घर बांधलं.

घर बांधल्यावर दिवाणखान्यात कमरेएवढे उंच दोन स्पीकर आणून बसवले. सुभाषकडूनच. तोवर त्याचं शाहूपुरीत मोठं दुकान झालं होतं, काचेचं दार, आत गालिचा. स्पीकर चांगले होते, हे मी आजही म्हणतो. त्या वर्षी दिवाळी झाली, कारखाना सुरू झाला, आणि एका रविवारी दुपारी मी ती जुनी लावणी लावली. ढोलकी आली, अगदी छातीवर थाप मारल्यासारखी. बाईचा आवाज आला, पण गोधडीआडून बोलल्यासारखा. मग ढोलकी थांबली आणि काहीच आलं नाही. मी वाट बघत बसलो. थोड्या वेळानं ढोलकी परत सुरू झाली. मधली घुंगरं गायब.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी सुभाषचा गालिचा बुटानं तुडवला. "काय भावा, मेलेलं स्पीकर दिलास व्हय मला?"

"स्पीकर मरत न्हाईत, दत्ता. उपाशी असत्यात," तो म्हणाला. "तुझा ॲम्प्लिफायर जुना हाय. त्यो आवाज मोठा करतोय, पण जिवंत करत न्हाई. बारीक आवाजाला दम लागतोय. चांगला करंट दे त्यास्नी, मग बघ."

मला ते पटलं. मशीनचं असंच असतं. मोटार कमी पडली की तीच मशीन कुरकुरते.

त्यानं दोन ॲम्प्लिफायर शेजारी शेजारी ठेवले आणि एकच गाणं आलटून पालटून ऐकवलं. दुसरा जास्त तजेलदार वाटला. पण मी त्याच्या बोटांकडं बघत होतो. दुसरा चालू करताना तो आवाजाचं बटण केसभर पुढं सरकवत होता. थोडं मोठं वाजलं की कुणालाही ते चांगलंच वाटतं. हा धंद्यातला सगळ्यात जुना डाव. मी त्याचं मनगट धरलं. "आता दोन्ही सारखं कर." तो हसला, चहा सांगितला. चोरी पकडली म्हणून मी भाव हाणून पाडला आणि विजयी होऊन घरी आलो. फार खूश होतो त्या दिवशी. एक लबाडी सापडली की माणसाला वाटतं, सगळ्याच सापडल्या.

घुंगरं आली नाहीत.

दुसऱ्या खेपेला मी म्हणालो, बटणं दाखवू नकोस, उचलून बघू दे. हे आम्हा ओतकामवाल्यांचं खूळ आहे. माल हातात घेऊन तोलल्याशिवाय आम्हाला त्याची खात्री पटत नाही. हलकं कास्टिंग म्हणजे आत पोकळी. सुभाषला हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यानं मागच्या खोलीतून असा एक ॲम्प्लिफायर काढला की उचलताना मला कंबर सावरावी लागली. आत मोठा ट्रान्सफॉर्मर, मागं गार राहायला धातूच्या जाड पट्ट्या. "ह्याला म्हंत्यात माल," मी म्हणालो. भावासाठी मी दीड तास भांडलो, दोनदा उठून दारापर्यंत गेलो, आणि तो घेऊन आलो. घरी जोडला. ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज वाढवायचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. शालन स्वयंपाकघरात होती. तिनं येऊन दिवाणखान्याचं दार ओढून घेतलं.

"लावणी सोसत न्हाई तुला," मी म्हणालो.

"सोसतीया की," ती दाराआडून ओरडली. "बारीक करा जरा!"

"ओरडतीस कशाला? बहिरा हाय व्हय मी?"

त्यावर ती गप्प बसली. तिचं ते गप्प बसणं मी त्या हंगामात कितीदा पाहिलं, आणि दर वेळी मला वाटलं, मीच जिंकलो. त्या दिवसांत ती फार ओरडायला लागली आहे असं माझं मत झालं होतं. जेवायला बोलवायची तेही खेकसून. उतारवयात बायका तापट होतात, असं मी चार माणसांत बोलूनही दाखवलं.

पौष लागला. सकाळी धुकं आणि राख एकत्र उतरायची. गुऱ्हाळावरून कुणीतरी काकवीची किटली पाठवली, ती तशीच राहिली. मला दुसरं काही सुचत नव्हतं. तिसऱ्या खेपेला सुभाषनं व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर काढला, जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे दिवे असलेला. चालू केला की दिवे हळूहळू निखाऱ्यासारखे लाल होतात. "दत्ता, आपुन ज्या रेडिओवर ऐकलेलं, त्येच्यात हेच होतं," तो म्हणाला. त्यानंतर मी घासाघीससुद्धा मनापासून केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगितलेल्या भावाच्या जवळपास वस्तू घेतली. ते दिवे बघत मी कितीतरी दुपारी बसलो. ढोलकी यायची, बाई यायची, आणि मग ती मोकळी जागा. दिवे लाल, आणि जागा मोकळी.

ज्या दिवशी हे सगळं फुटलं, त्या दिवशी मी सुभाषच्या दुकानात भांडायलाच गेलो होतो. आधीच एक गिऱ्हाईक बसलेलं. कोडोलीचे निवृत्त गुरुजी, पांढरी टोपी, गुडघ्यावर पिशवी. तेही ॲम्प्लिफायर बघायलाच आले होते.

"बसा पावणं," मी म्हणालो. "हेच्याकडनं काय घ्यायचं असंल तर मला साक्षीला ठेवा. हातोहात गंडवतोय."

"तुमचे जुने दोस्त दिसत्यात," गुरुजी सुभाषकडं बघून हसले.

"दोस्त कसला, आमच्या मानगुटीवरचं भूत हाय," सुभाष म्हणाला आणि एक तबकडी लावली. तपासणीची तबकडी होती. गाणं नसतं तीत. एकच सूर खालून वर चढत जातो, म्हणजे स्पीकर कुठपर्यंत गातो ते कळतं. खालचा घुमणारा सूर आला, जमीन हलली. मग वर, मग आणखी वर, शिट्टीसारखा. मग संपला. दुकान शांत झालं. मी सुभाषला काहीतरी बोलणार, एवढ्यात माझी नजर गुरुजींकडं गेली.

त्यांनी दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते. तोंड वाकडं, डोळे घट्ट मिटलेले. पिशवी खाली पडलेली. त्या संपूर्ण शांत दुकानात एक माणूस आवाजापासून स्वतःला वाचवत होता.

मी सुभाषकडं पाहिलं. तो माझ्याचकडं बघत होता, आणि त्याचा हात बटणाकडं धावत होता. मला जे कळायचं ते गुरुजींच्या हातांवरून कळलं नाही, सुभाषच्या घाईवरून कळलं. गिऱ्हाइकाला त्रास होतोय म्हणून धावणारा हात वेगळा असतो. हा झाकायला धावणारा हात होता.

गुरुजी गेल्यावर मी विचारलं, "कधीपास्नं ठाऊक हाय तुला?"

तो काउंटरची काच पुसता पुसता म्हणाला, "पैला ॲम्प्लिफायर न्यायच्या आधीपास्नं. घुंगरं वाजत हुती, दत्ता. स्पीकर जोडायला तुझ्या घरी आलतो तवा मी ऐकलेली. तू म्हणालास, न्हाईत."

"मग त्याच वक्ती का बोलला न्हाईस?"

"तुला? तुला कुणी सांगायचं? माझ्या दुकानात उभा राहून शंभर माणसांत तू मला चोर म्हंतोस. म्हटलं असतं, कान तपासून घे, तर माल खपवायला आता माझ्या अंगातबी खोट काढतोय म्हणाला असतास. म्हणाला असतास की न्हाई?"

मी दाराकडं वळलो.

"आनि वहिनी आलत्या," तो म्हणाला. "मागल्या म्हैन्यात. म्हणाल्या, भावजी, त्येंना काय बोलू नका. काय मागत्यात ते बदलून द्या. त्या नादात हायत तवर बरं हाय."

मी घरी गेलो तेव्हा शालन अंगणात राख झाडत होती. मी विचारलं. तिनं झाडू भिंतीला टेकवला आणि माझ्या अगदी जवळ येऊन, तोंडासमोर तोंड आणून बोलली. ती हल्ली अशीच बोलते, हे मला त्याच क्षणी पहिल्यांदा दिसलं.

"मी तुम्हास्नी दोनदा सांगितलं," ती म्हणाली. "शांतपणे, हळू सांगितलं, म्हंजे तुम्ही भडकू नये. दोन्ही बारीला तुम्हाला ऐकूच आलं न्हाई. तिसऱ्यांदा मोठ्यानं सांगायचा मला धीर झाला न्हाई."

यावर मी काय बोललो ते लिहीत नाही. शेजारच्यांनी ऐकलं आहे, तेवढं पुरे.

नंतर कानाच्या डॉक्टरकडं गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, ऐकू आलं की बटण दाबा म्हणाले. मी बराच वेळ बटण न दाबता बसलो आणि काचेपलीकडची ती बाई लिहीत राहिली. मग कागद दाखवला. सपाट चाललेली रेघ अर्ध्यावर येऊन कड्यावरून कोसळावी तशी खाली गेलेली. वरचे सगळे बारीक आवाज गेले होते. घुंगरं, पाखरं, कुजबूज. डॉक्टरांनी विचारलं, "तुमच्या कामाच्या जागी आवाज असतो का?" मला हसू आलं. पुढं यंत्रही घेतलं. ते घातलं की भांडी डोक्यात आपटतात आणि घुंगरं डब्यात खडे हलवल्यासारखी वाजतात. फुटकं कुठलं, धड कुठलं, काही कळत नाही. ते ड्रॉवरमध्ये आहे.

माझा वाटा मी नाकारत नाही. फाउंड्रीत एक नवा कामगार कानात कापसाचे बोळे घालून आला होता, तर आम्ही त्याला "नवरी आली, नवरी आली" म्हणून इतकं छळलं की दुपारच्या आत त्यानं ते काढून फेकले. छळण्यात मी सगळ्यांच्या पुढं होतो. माझा स्वभाव कसा आहे हेही मला ठाऊक आहे. कान माझे गेले, माझ्या मस्तीनं गेले, ते मी कुणाकडं मागत नाही. सुभाषच्या ॲम्प्लिफायरची किंमतही मागत नाही. तिन्ही मी माझ्या हातानं निवडून घेतलेत, तिन्ही चांगले आहेत, ज्यांना ऐकू येतं त्यांच्यासाठी.

पण मधल्या काळाचं काय? कान त्या हंगामात गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, पंधरा-वीस वर्षं थोडे थोडे जात असतील. म्हणजे पंधरा-वीस वर्षं माझ्या टेबलासमोर माणसं आपसांत कुजबुजत होती आणि मी ताठ बसून, सगळं ऐकल्यासारखा चेहरा करून, व्यवहार करत होतो. मी ज्याला समोरच्याची शांतता समजलो, ती शांतता नव्हती. वर्कशॉपमध्ये माझ्या पाठीमागं लोक काय बोलले? व्याह्यांच्या बैठकीत काय ठरलं? घरात, ताटाशेजारी, हातभर अंतरावर बसून शालन मला काय काय सांगत राहिली आणि उत्तर न आल्यावर उठून गेली? तिचं बोलणं मी टाळतो, असं तिला किती वर्षं वाटलं असेल? कुठंतरी मी हो म्हणायला हवं होतं आणि म्हणालो नाही. कुठंतरी कुणी रडलं असेल आणि मी पेपर वाचत बसलो असेन. हे मला आता कुठल्या दुकानात बदलून मिळणार?

तुम्हा दोघांना ठाऊक होतं. सुभाष, तुला पहिल्या दिवशी कळलं आणि तू मला दिवे दाखवलेस. शालन, तुला त्याच्याही आधी कळलं आणि तू दार ओढून घेतलंस. वर्कशॉपमधल्यांनाही ठाऊक असणार. तेही समोर येऊन मोठ्यानं बोलतात, आता मला ते दिसतं. तुम्ही म्हणता, तुझ्या रागाची भीती वाटली. मान्य. मी रागावलो असतो. आरडाओरडा केला असता, चार दिवस जेवलो नसतो, तुमचं नाव टाकलं असतं. पाचव्या दिवशी तरी डॉक्टरकडं गेलो असतो. माझ्या रागाचे चार दिवस सोसायला नकोत म्हणून तुम्ही मला वर्षानुवर्षं एकटा बसवून ठेवलंत, माझ्याच घरात, माझ्याच माणसांत. तो हिशेब तुम्ही कसा मांडलात? कुणी मांडला? एकानं तरी यावं, समोरच्या खुर्चीत बसावं आणि माझ्या तोंडाकडं बघून उत्तर द्यावं. भडकणार नाही असा शब्द मी देत नाही.